सात देशांच्या वर्गांत, मागच्या बाकावर: टिम्स व्हिडिओ संग्रहाचे परीक्षण

शिक्षकाच्या नोकरीत दुसऱ्याचा तास शांतपणे पाहण्याची संधी फार थोड्या वेळा येते. बी.एड.च्या वर्षी आम्ही सहाध्यायांचे पाठ मागच्या बाकावर बसून पाहिले आणि निरीक्षण वहीत 'प्रस्तावना आकर्षक', 'फलकलेखन सुवाच्य', 'विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला' असे ठरावीक शेरे लिहिले. त्यानंतरच्या १८ वर्षांत, परळच्या एका अनुदानित मराठी शाळेत गणित शिकवत असताना, मागच्या बाकावर जे कोणी येऊन बसले ते मुख्याध्यापक तरी होते किंवा तपासणीसाठी आलेले अधिकारी तरी. तपासणीच्या दिवशी पाठ टाचण पूर्ण असते, फळा आदल्या दिवशीच पुसून स्वच्छ केलेला असतो, हुशार मुले पुढे बसवलेली असतात आणि तास आधी एकदा शिकवून झालेल्या घटकावर घेतला जातो. पाहणाऱ्यालाही हे ठाऊक असते. अशा निरीक्षणातून लॉगबुकात एक शेरा पडतो आणि दोन्ही बाजू सुटकेचा श्वास सोडतात.

ज्या संग्रहाचे हे परीक्षण आहे, त्याचे पहिले मोल मला इथेच वाटते. आपल्याला मुळीच न ओळखणाऱ्या परदेशी शिक्षकांचे पूर्ण तास, अर्धवट कापलेले तुकडे नव्हेत, आपण हवे तितक्या वेळा पाहू शकतो, मध्येच थांबवू शकतो, मागे नेऊ शकतो, आणि त्यावर कोणताही शेरा लिहिण्याचे बंधन आपल्यावर नसते.

'टिम्स' ही गणित आणि विज्ञानातील संपादणूक मोजणारी आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. तिच्या जोडीने, मुले कशी शिकवली जातात हे प्रत्यक्ष वर्गात कॅमेरा नेऊन पाहावे, असा एक अभ्यास १९९५ मध्ये झाला. जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांतील आठवीच्या गणिताचे २३१ तास त्यात चित्रित झाले. १९९९ च्या दुसऱ्या अभ्यासात ऑस्ट्रेलिया, चेक प्रजासत्ताक, हाँगकाँग, जपान, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड आणि अमेरिका अशा सात ठिकाणचे गणिताचे ६३८ तास तपासले गेले, त्यांत जपानचे तास १९९५ च्याच चित्रणातून घेतले होते. विज्ञानासाठी यांपैकी पाच देश निवडले होते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जेम्स स्टिगलर आणि डेलावेअर विद्यापीठाचे जेम्स हीबर्ट ही या कामामागची ठळक नावे. मूळ नमुन्यातील तास गोपनीय आहेत, परंतु सर्वांना दाखवण्याच्या संमतीने चित्रित केलेले ५३ तास, म्हणजे गणिताचे २८ आणि विज्ञानाचे २५, संकेतस्थळावर विनामूल्य ठेवलेले आहेत. प्रत्येक तासाबरोबर संपूर्ण संवादाची इंग्रजी लिखित प्रत, त्या शिक्षकाने स्वतःच्या तासावर केलेली टिप्पणी, संशोधकांची टिप्पणी, वर्गात वापरलेले साहित्य आणि तासातील घडामोडींचा आराखडा मिळतो.

शिक्षकाची स्वतःची टिप्पणी हा या संग्रहातील मला सर्वांत आवडलेला भाग आहे. आपण पाहत असलेला क्षण त्याने तसा का हाताळला, हे तोच सांगतो. आपल्याकडच्या पाठनिरीक्षणात शिक्षकाला हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

आम्ही पाच जण हा संग्रह गेले सात महिने पाहत आहोत. दोन पालिकेच्या शाळांतील, तीन अनुदानित शाळांतील, सर्व गणिताचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बसतो. सुरुवातीला आम्ही एक चूक केली. पूर्ण तास सलग लावला, वडापाव आणि चहा घेत पाहिला, आणि शेवटी 'छान शिकवतात', 'तिथली मुले किती शांत' एवढेच बोलून घरी गेलो. तिसऱ्या शनिवारपासून पद्धत बदलली. आता एका बैठकीत जास्तीत जास्त १२ मिनिटांचे चित्रण पाहतो. प्रत्येकाने एकाच गोष्टीवर लक्ष ठेवायचे: एकाने फक्त फळ्यावर, एकाने फक्त शिक्षकाच्या प्रश्नांवर, एकाने मागच्या रांगेतील एका मुलावर. चित्रणात एक कॅमेरा शिक्षकाच्या मागे फिरतो आणि दुसरा वर्गावर रोखलेला असतो, त्यामुळे हे शक्य होते. मग लिखित प्रत काढून तोच भाग पुन्हा. या पद्धतीने एक तास पाहायला आम्हाला चार शनिवार लागतात, आणि तरीही तो पूर्ण पाहून झाला असे वाटत नाही.

जपानच्या तासांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण गणिताच्या शिक्षकाला त्यांतून सर्वाधिक मिळते. १९९९ च्या अभ्यासाचा एक निष्कर्ष असा की सातही ठिकाणी तासाचा किमान ८० टक्के वेळ उदाहरणे सोडवण्यातच जातो. त्या अर्थाने आपण, ते आणि बाकीचे सारे एकच काम करतो. फरक पडतो तो एका उदाहरणाला दिलेल्या वेळात. इतर सहा ठिकाणी एका स्वतंत्र उदाहरणाला सरासरी दोन ते पाच मिनिटे मिळतात, जपानमध्ये १५. मी माझ्या टाचणवहीची मागची पाने उलटून पाहिली. ३५ मिनिटांच्या तासिकेत उदाहरणसंग्रहातील सहा ते आठ उदाहरणे 'पूर्ण' झाल्याची नोंद जवळजवळ प्रत्येक पानावर होती, आणि त्या नोंदीचा मला इतकी वर्षे अभिमान वाटत आला होता.

१५ मिनिटे एकाच उदाहरणाचे करायचे तरी काय, याचे उत्तर पाहिल्याशिवाय कळत नाही. शिक्षक प्रश्न फळ्यावर लिहितो, तो सर्वांना कळला आहे याची खात्री करतो आणि मुलांना एकट्याने विचार करू देतो. या वेळेत तो बाकांमधून फिरतो. जपानी शिक्षक याला 'किकान-शिदो' म्हणतात. आपणही बाकांमधून फिरतो, पण आपले फिरणे बहुधा वह्यांतील चुका लाल शाईने दुरुस्त करण्यासाठी किंवा गडबड थांबवण्यासाठी असते. तिथे शिक्षक कोणत्या मुलाने कोणती रीत वापरली आहे हे पाहत, मनात किंवा कागदावर टिपत जातो, आणि नंतर मुलांना फळ्याजवळ बोलावताना त्याने क्रम ठरवलेला असतो. आधी सर्वांना समजेल अशी साधी रीत, मग दुसरी, मग ती दोन्ही जोडणारी. दोन रीती शेजारी शेजारी फळ्यावर असतात, आणि तास संपेपर्यंत फळा सहसा पुसला जात नाही. फळ्याच्या या मांडणीला तिथे 'बानशो' असे स्वतंत्र नाव आहे. तास संपला की डावीकडून उजवीकडे वाचत गेल्यास त्या दिवशीच्या विचाराचा सगळा प्रवास फळ्यावर दिसतो. मी माझ्या तासात एकदा मोजले. ३५ मिनिटांत मी फळा पाच वेळा पुसला होता.

१९९५ च्या अभ्यासातील एक जपानी तास शिक्षणविषयक लेखनातून जगभर पोचला. दोन माणसांच्या जमिनींमधील सीमा मध्येच वाकलेली आहे, दोघांचेही क्षेत्रफळ न बदलता ती सरळ करून द्यायची, असा त्यातील प्रश्न. हा प्रश्न मी माझ्या आठवीच्या वर्गात, ५८ मुलांसमोर, पिवळ्या खडूने फळ्यावर काढला. माझ्या वर्गातील निम्म्या मुलांची गावे कोकणात आहेत, त्यामुळे सीमा हा शब्द मी वापरलाच नाही, बांध म्हटले. बांध म्हटल्याबरोबर वर्गात जी हालचाल झाली ती मी गणिताच्या तासाला क्वचितच पाहिली होती. एका मुलाने उठून सांगितले, "बाई, बांध सरळ केला तर कोणाची तरी जमीन जाणारच." मी त्याला चूक म्हटले नाही, बरोबरही म्हटले नाही, ते वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले.

पुढची दहा मिनिटे मला फार जड गेली. मुलांनी पट्ट्या काढून मोजायला सुरुवात केली, कुणी वाकलेल्या भागाच्या अंदाजे मधून रेघ ओढली, आणि मदतीला धावून जाण्याची माझी जुनी सवय मी दोन्ही हात मागे बांधून आवरली. तिसऱ्या रांगेतील एका मुलीने बांधाची दोन टोके जोडली आणि तिथे त्रिकोण तयार झालेला पाहून ती थांबली. तिथेच तासिकेची घंटा झाली. जपानचा तास ५० मिनिटांचा असतो, आपला ३५ मिनिटांचा, हा फरक त्या घंटेने मला जसा समजावला तसा कोणत्याही अहवालाने समजावला नसता.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा त्रिकोण फळ्यावर आला. बांधाची टोके अ आणि क, वाकलेला कोपरा ब. अक जोडली की अबक हा त्रिकोण होतो. ब मधून अक ला समांतर रेषा काढली आणि ती जमिनीच्या खालच्या कडेला ड येथे मिळाली, तर अबक आणि अडक या दोन त्रिकोणांचा पाया एकच आणि उंचीही एकच, म्हणून क्षेत्रफळे समान. अड हा नवा, सरळ बांध. आदल्या दिवशी 'जमीन जाणारच' म्हणणाऱ्या मुलाने पाया गुणिले उंची भागिले दोन असे स्वतः मोजून पाहिले, आणि मग फळ्याच्या कोपऱ्यातील स्वतःचे वाक्य खोडायला परवानगी मागितली. समान पायाच्या आणि समान उंचीच्या त्रिकोणांचा हाच मुद्दा दहावीच्या भूमितीत समरूपतेच्या प्रकरणाच्या प्रारंभी येतो. तिथे तो मी इतकी वर्षे दोन ओळींत सांगून पुढे जात होते.

यावरून जपानची नक्कल करावी असा अर्थ कोणी काढू नये, आणि हा संग्रहही तसे सुचवत नाही. त्याची खरी ताकद सात ठिकाणे शेजारी ठेवण्यात आहे. हाँगकाँगची मुले त्या चाचणीत जपानच्या मुलांइतकीच वरच्या स्थानावर होती, पण तिथला तास पूर्णपणे वेगळा दिसतो. शिक्षक सतत बोलतो. अभ्यासाच्या मोजणीनुसार हाँगकाँगमध्ये मुलाच्या एका शब्दामागे शिक्षकाचे १६ शब्द होते, अमेरिकेत आठ. म्हणजे शिक्षकाने कमी बोलले की मुले अधिक शिकतात, हे सोपे समीकरण इथे टिकत नाही. टिकते ते दुसरेच निरीक्षण. गणितातील संकल्पनांचा परस्परसंबंध शोधायला लावणारी उदाहरणे अमेरिकेतही दिली जात होती, सुमारे १७ टक्के. परंतु वर्गात सोडवताना शिक्षक पायऱ्या सांगून टाकत, आणि त्या प्रकारच्या उदाहरणांपैकी एक टक्काही शेवटपर्यंत त्याच स्वरूपात राहिली नाहीत. हाँगकाँगमध्ये अशी उदाहरणे १३ टक्केच होती, पण त्यांपैकी ४६ टक्के त्याच स्वरूपात हाताळली गेली. जपानमध्ये हे प्रमाण ४८ टक्के होते. पाठ्यपुस्तक बदलले, प्रश्नपत्रिकेचा आराखडा बदलला, 'कृतिपत्रिका' आल्या, तरी वर्गात फारसे का बदलत नाही याचे इतके नेमके उत्तर मला दुसरीकडे मिळालेले नाही. चांगला प्रश्न फळ्यावर लिहून झाल्यावर पुढच्या दोन मिनिटांत आपणच तो सोपा करून टाकतो.

ही आकडेवारी वाचून आमच्यातील एका सरांनी स्वतःच्या तासाचे मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले आणि आम्हाला ऐकवले. प्रश्न विचारल्यापासून स्वतःच उत्तर देईपर्यंत त्यांनी घेतलेला वेळ आम्ही घड्याळ लावून पाहिला. बहुतेक वेळा तो दोन सेकंदांच्या आत होता. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात असे दाखवले होते, हे आम्हाला बी.एड.ला शिकवलेले होते. पुस्तकातले ते वाक्य आपल्या सहकाऱ्याच्या आवाजात ऐकणे हा वेगळा अनुभव होता. सरांनी ते ध्वनिमुद्रण आमच्यासमोर आणले, यासाठी लागणारे धैर्य मी कमी लेखत नाही.

इतर देशांविषयी थोडक्यात. नेदरलँड्सच्या तासांत अर्ध्याहून अधिक वेळ मुले पुस्तकातून आपापले सोडवतात आणि उदाहरणे रोजच्या व्यवहाराशी इतर सर्वांपेक्षा अधिक जोडलेली असतात. चेक तासांत उजळणीला मोठा वाटा असतो, आपल्या पद्धतीच्या हे बरेच जवळचे आहे. स्वित्झर्लंडचे चित्रण जर्मन, फ्रेंच आणि इटालियन अशा तिन्ही भाषक भागांतून घेतले आहे. विज्ञानाच्या तासांविषयी मत देण्याइतके ते मी पाहिलेले नाहीत. अमेरिकी तासांबाबत १९९५ च्या अभ्यासात एक नोंद आहे: जवळपास एक तृतीयांश तासांत बाहेरून व्यत्यय आला, ध्वनिक्षेपकावरील सूचना किंवा दारात आलेली व्यक्ती, आणि जपानच्या तासांत असा व्यत्यय एकदाही आढळला नाही. सूचनावही घेऊन शिपाई काका दारात उभे राहिले की उदाहरणाच्या मध्यावर थांबणाऱ्या प्रत्येक मुंबईकर शिक्षकाने ही नोंद आपल्या मुख्याध्यापकांना दाखवावी.

आता मर्यादा. चित्रण पाव शतकाहून जुने आहे, चित्राची स्पष्टता आजच्या सवयीला कमी वाटते, आणि फक्त आठवीचाच वर्ग आहे. प्रत्येक शिक्षकाचा एकच तास दिसतो, त्यामुळे काल काय झाले आणि उद्या काय होणार हे कळत नाही. लिखित साहित्य मुख्यतः इंग्रजीत आहे, आणि मराठी माध्यमाच्या शिक्षकासाठी ही मोठी अडचण आहे. सात ठिकाणांत भारत नाही. जपानच्या वर्गातील पटाची कमाल मर्यादा ४० होती, माझ्या वर्गात ५८ आहेत. वर्गांमधील जागेचाच फरक असा की किकान-शिदोसाठी बाकांच्या मधून जायला आमच्या वर्गात वाट नाही, मी तिसऱ्या रांगेपर्यंतच पोचू शकते. तांत्रिक अडचण आली ती आमच्या शाळेच्या इंटरनेट जोडणीमुळे, त्यावर उपाय म्हणून आम्ही लिखित प्रती आधीच छापून आणतो.

ज्यांना अधिक नवे चित्रण हवे त्यांनी आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला व्हिडिओ अभ्यासही पाहावा. त्यात इंग्लंड, जर्मनी, शांघाय, माद्रिद, मेक्सिको, कोलंबिया, चिलीचा एक भाग आणि जपानमधील तीन शहरे अशा आठ ठिकाणच्या सुमारे ७०० शिक्षकांचे वर्ग आहेत, सर्वांचा घटक एकच, वर्गसमीकरणे, आणि प्रत्येक शिक्षकाचे दोन तास. दहावीला बीजगणित शिकवणाऱ्यांना तो थेट उपयोगी पडेल. मात्र शिकण्यासाठी सावकाश बसून पाहायचे तर मला टिम्सचा संग्रह अधिक मोकळा आणि शिक्षकाच्या अधिक जवळचा वाटतो.

एक गोष्ट परदेशात नोकरीला जाणाऱ्यांसाठी. माझी एक जुनी सहकारी आता दुबईत शिकवते. दोन शनिवारी ती व्हिडिओ कॉलवर आमच्यात बसली. दुबईत २०२४ पर्यंत शाळांची नियमित तपासणी होत असे आणि 'अतिशय कमकुवत' पासून 'उत्कृष्ट' पर्यंत सहा श्रेणींत शाळेचे मूल्यमापन होत असे, त्यामुळे शाळेतील वरिष्ठ तिच्या तासाला वरचेवर येऊन बसत. तिचे म्हणणे असे की तिथे रुजू होताना तिला विषय येत होता, इंग्रजी येत होते, पण आपल्या तासाविषयी दुसऱ्याशी बोलता येत नव्हते. 'तू तिथे का थांबलीस?' असे विचारले की तिला आरोप ऐकल्यासारखे वाटे. आमच्यासोबत चित्रण पाहताना ती अनोळखी शिक्षकाच्या निर्णयाविषयी सहजपणे बोलत होती आणि मग आपल्याही. इंग्लंडमध्ये ऑफस्टेड या तपासणी संस्थेने एकेका तासाला श्रेणी देणे २०१४ मध्ये थांबवले, कारण एका तासावरून शिक्षकाची पारख विश्वासार्ह ठरत नाही ही टीका तोवर वाढली होती. हे तिनेच आम्हाला सांगितले. आखातात, इंग्लंडमध्ये किंवा अन्यत्र जाऊ इच्छिणाऱ्या मुंबईतील तरुण शिक्षकांनी महागड्या तयारी वर्गात नाव घालण्याआधी या संग्रहातील चार तास दोन मित्रांसोबत पाहावेत, असे मी मनापासून सुचवते.

सुरुवात जपानच्या गणिताच्या कोणत्याही एका तासाने करावी, लगेच हाँगकाँगचा एक पाहावा, आणि शिक्षकाची टिप्पणी मुद्दाम शेवटी वाचावी, कारण ती आधी वाचली तर आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहू लागतो. भाषेच्या अडचणीवर आम्ही आमच्यापुरते काम सुरू केले आहे. पालिकेच्या शाळेतील आमच्या एक बाई जपानच्या एका तासाच्या संवादाचे मराठीत रूपांतर करत आहेत. आतापर्यंत ११ मिनिटांचे झाले आहे. फळ्याकडे पाहत शिक्षक मुलांना जे विचारतो, त्या एका छोट्या वाक्यापाशी त्या दोन आठवडे अडल्या होत्या. 'हे असे का?' की 'तुला असे का वाटले?', यावर परवाच्या शनिवारी आम्ही पाच जणांनी पाऊण तास चर्चा केली आणि दुसरे वाक्य ठेवले.